मूळ स्थिती म्हणजे कोणती तारीख?

जुन्या लष्करी विमानांच्या पुनर्बांधणीवर जे लिहिलं जातं ते साधारण दोन प्रकारचं असतं. एक तांत्रिक: कुठल्या गिधाडखान्यात कुठला भाग सापडला, इंजिन कोणी उघडलं, रंगाचा नेमका छटाक्रमांक काय. दुसरं भाविकाचं: पहिल्यांदा इंजिन फुरफुरलं तेव्हा म्हाताऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत पाणी कसं आलं. दोन्ही मला वाचायला आवडतं. पण पन्नास-साठ माणसं सुट्टीचे दिवस घालवून वर्षानुवर्षं जी वस्तू घडवतात, तिच्याकडे एक कृती म्हणून, एका वाचनाची निष्पत्ती म्हणून पाहणारं लेखन फारसं दिसत नाही. जुन्या नाटकाचा नवा प्रयोग झाला तर काय ठेवलं, काय कापलं, कुठल्या प्रतीवरून केलं, हे आपण दिग्दर्शकाला विचारतो. विमानाच्या बाबतीत ते कोणी विचारत नाही. ‘अगदी मूळ स्थितीत आणलंय’ एवढं म्हटलं की प्रश्न मिटतो. मला तो तिथे सुरू होतो असं वाटतं.

उदाहरण एकच घेतो, कारण त्याचा धागा पुण्यापर्यंत येतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे बी-२४ लिबरेटर जातीचं एक चार इंजिनांचं बॉम्बर आहे. १८,०००हून अधिक लिबरेटर बनली, इतकी दुसऱ्या कुठल्याच अमेरिकी लष्करी विमानाची बनली नाहीत. आणि उरली किती, तर हातापायांची बोटं मोजायला पुरतील इतकीच. हे विमान त्यांतलं. अनेक वर्षं ते देशभर गावोगाव फिरत असे आणि लोक ते बघायला रांगा लावत. मीही एका लहानशा विमानतळावर अशा रांगेत उभा होतो. पोटाखालून वाकून आत शिरायचं, बॉम्ब ठेवण्याच्या कप्प्यातून जेमतेम नऊ इंच रुंदीच्या पट्टीवरून तिरकं तिरकं पुढे सरकायचं. आपलं पोट किती सुटलंय हे त्या पट्टीइतकं स्पष्ट कोणी सांगत नाही. आतला हिरवट पिवळा प्रायमर, पत्र्यावर ठराविक जागी छापलेल्या सूचना, कमरेच्या खिडकीतल्या मशीनगन, त्यांना लावलेले गोळ्यांचे पट्टे, ऑक्सिजनच्या पिवळ्या बाटल्या. सगळं जागच्या जागी. बाहेर नाकावर नाव: ‘विचक्राफ्ट’.

खरी ‘विचक्राफ्ट’ हे अमेरिकेच्या आठव्या हवाई दलातलं विमान. इंग्लंडमधून उडून तिने १३० मोहिमा केल्या, आणि युद्ध संपल्यावर ती भंगारात गेली. मी ज्याच्या पोटातून सरकत होतो ते विमान वेगळं होतं. त्याचा अमेरिकी क्रमांक ४४-४४०५२. १९४४च्या ऑगस्टमध्ये ते टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला तयार झालं, आणि थोड्याच काळात ब्रिटिश हवाई दलाकडे गेलं. तिथे त्याला केएच १९१ हा क्रमांक मिळाला. ते लढलं आशियाच्या आघाडीवर. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ते कानपूरला टाकून दिलं. १९४८मध्ये भारतीय हवाई दलाने ते पुन्हा उडतं केलं आणि एचई ७७१ या क्रमांकाने १९६८पर्यंत वापरलं. मग तेरा वर्षं ते भारतातच पडून होतं. १९८१मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने ते विकत घेऊन, सुटं करून इंग्लंडला नेलं. १९८४मध्ये बॉब कॉलिंग्ज यांनी त्याच्याकडून घेतलं.

आता हिशेब करा. अमेरिकेच्या हवाई दलात या विमानाचं आयुष्य काही आठवड्यांचं. ब्रिटिशांकडे वर्ष-दीड वर्ष. भारताकडे वीस वर्षं. आणि त्याची जी ‘मूळ स्थिती’ म्हणून आपल्यासमोर येते, ती एका चौथ्याच विमानाची, जे त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला उडत होतं.

इथे कोणी म्हणेल, यात फसवणूक कुठे आहे? नाही, फसवणूक नाही. फाउंडेशनने हा प्रवास कधी लपवला नाही, माहितीपत्रकांत तो नीट सांगितलेला असे. विमान १९८९मध्ये पुन्हा उडलं ते ‘ऑल अमेरिकन’ या नावाने, भूमध्य सागराच्या बाजूने लढलेल्या पंधराव्या हवाई दलाच्या स्मरणार्थ. १९९८मध्ये ते ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ झालं, पॅसिफिकमध्ये लढलेल्यांसाठी. २००५मध्ये ‘विचक्राफ्ट’, इंग्लंडमधून उडालेल्यांसाठी. म्हणजे रंग हा स्मारकाचा फलक होता आणि तो आळीपाळीने वेगवेगळ्या आघाड्यांच्या माणसांना दिला गेला. अमेरिकी प्रेक्षकांसाठी अमेरिकी पैशांतून अमेरिकी सैनिकांचं स्मारक. यात मला काही वावगं दिसत नाही. मला खटकतो तो ‘अस्सल’ हा शब्द, जो या सगळ्यावर सहज पसरवला जातो.

सुरुवातीचा बेत तर हे विमान नुसतं जमिनीवर मांडून ठेवण्याचा होता. लिबरेटरवर उडालेल्या जुन्या सैनिकांनी गळ घातली, की हे उडू दे, लोकांपर्यंत जाऊ दे. त्या एका निर्णयाने कामाचं स्वरूपच बदललं. जमिनीवरच्या विमानाला गंजलेला सांगाडाही चालतो, वरून रंग नीट दिसला की झालं. उडणाऱ्याला चालत नाही. सुमारे ९७,००० तासांचं काम झालं. त्यातलं बरंच फ्लोरिडातल्या एका व्यावसायिक कार्यशाळेत आणि बाकीचं स्वयंसेवकांच्या हातून. एक माणूस आठवड्याला चाळीस तास याप्रमाणे सेहेचाळीस वर्षांहून जास्त काळ काम करील तेव्हा एवढे तास भरतात.

या तासांत काय होतं, ते सांगायला हवं. नाहीतर माझी टीका फुकटची ठरेल. पत्रा बदलायचा म्हणजे आधी जुने रिव्हेट एकेक करून ड्रिलने काढायचे, आणि तेही असे की खालच्या फासळीतलं भोक मोठं होता कामा नये. मग जुन्या पत्र्याचाच साचा धरून नवा कापायचा, भोकं जुळवायची, आतल्या बाजूला प्रायमर लावायचा. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात: बाहेरून हवेच्या हातोड्याने मारणारा आणि आतून लोखंडाचा ठोकळा टेकवून धरणारा. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. ठोकळा तिरका धरला गेला की रिव्हेटचं डोकं वाकडं बसतं. मग तो काढून पुन्हा. आत धरणारा बऱ्याचदा अशा कोपऱ्यात असतो जिथे खांदा शिरत नाही, म्हणून बारीक अंगाच्या माणसाला मागणी. असे रिव्हेट लाखांनी. याला मजुरी म्हणावं तर मजुरी मिळत नाही, आणि छंद म्हणावं तर छंदाला इतकी कंबर कोणी मोडून घेत नाही.

कॅन्ससमधल्या विचिटा शहरात ‘डॉक’ नावाचं बी-२९ असंच उभं राहिलं. मोजाव्हीच्या वाळवंटात १९८७मध्ये ते सापडलं. तोवर नौदलाने त्या भागात त्याचा नेमबाजीसाठी निशाण म्हणून उपयोग करायचा ठरवलेलं होतं. २०००मध्ये ते विचिटाला आलं, म्हणजे जिथे बनलं होतं तिथेच, आणि १७ जुलै २०१६ला उडालं. स्वयंसेवकांचे चार लाखांहून अधिक तास त्यात गेले. त्यांत विमान कारखान्यांतले निवृत्त कामगार बरेच होते. युद्धकाळात त्याच शहरातल्या कारखान्यात मुलगी असताना बी-२९ला रिव्हेट मारलेली एक बाईही होती. ती आजी झाल्यावर पुन्हा त्या कामाला आली. या एका गोष्टीपुढे अस्सलतेवरचा माझा अर्धा वाद लंगडा पडतो, हे मान्य. तिच्या बाबतीत हात मूळ होता.

पण ‘डॉक’कडे बघताना आणखी एक लक्षात येतं. हे विमान युद्धात कधी लढलंच नाही. ते पुढे रडारशी संबंधित कामाला होतं, जिथल्या विमानांना हिमगौरीच्या गोष्टीतल्या बुटक्यांची नावं दिलेली होती. त्यावरून ‘डॉक’. पुनर्बांधणी करणाऱ्यांना त्याच्यावर एखाद्या लढलेल्या बी-२९चं नाव रंगवता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. बुटक्याचं चित्रच नाकावर ठेवलं. मला हा निर्णय त्या चार लाख तासांइतकाच मोलाचा वाटतो. नाव नसलेल्या, पराक्रम नसलेल्या विमानालाही स्वतःचं आयुष्य असतं, एवढं त्यात कबूल केलेलं आहे.

आता मी जरा वेगळ्या खोलीत जातो. पुण्यातल्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली ती १९१९मध्ये. वि. स. सुकथनकर १९२५मध्ये मुख्य संपादक झाले, १९४३मध्ये गेले. काम १९६६मध्ये पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. या आवृत्तीबद्दल एक गैरसमज मी अनेकदा ऐकला आहे: की त्यांनी व्यासांचं मूळ महाभारत शोधून काढलं. सुकथनकरांचा दावा तसा नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे मागे जाता येईल तितकं मागे जाऊन जे सर्वांत जुनं रूप हाती लागतं, ते. त्याहून जास्त काही नाही. आणि दुसरी गोष्ट, माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने मोठी: गाळलेलं काहीही फेकलं गेलं नाही. प्रत्येक पानावर संहितेच्या खाली बारीक टायपात पाठभेद आहेत, जास्तीचे श्लोक आहेत, लांबलचक प्रक्षेप परिशिष्टांत आहेत. कुणाला बंगालचा पाठ हवा, त्याला तो मिळतो. केरळचा हवा, तोही. संपादकाचा निर्णय पटला नाही तर त्याच पानावरून तुम्ही त्याच्याशी भांडू शकता.

पुनर्बांधलेलं विमान हीसुद्धा एक सिद्ध केलेली संहिता असते. चार ठिकाणच्या भंगारातून, चार प्रतींतून, एक ‘शुद्ध’ प्रत. कुठल्याही एका क्षणी प्रत्यक्षात नेमकं तसं विमान अस्तित्वात असतं असं नाही. तसंच चिकित्सक आवृत्तीशी अक्षरशः जुळणारं एकही हस्तलिखित नाही. इथवर साम्य आहे. फरक तळटिपांचा. विमानाला तळटीप नसते. पत्रा काढला की काढला. वरचा रंग खरवडला की त्याखालची वीस वर्षं धूळ होऊन कार्यशाळेच्या फरशीवर पडतात, आणि संध्याकाळी कोणीतरी झाडू मारतं.

थिसियसच्या जहाजाचा दाखला इथे हमखास येतो: एकेक फळी बदलत गेलं तर जहाज तेच राहतं का? मी तो बाजूला ठेवतो. तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात ठीक आहे. प्रश्न किती टक्के धातू जुना आहे हा नाही. कोणाच्या हाताची खूण ठेवायची आणि कोणाची पुसायची, हे ठरवणारा कोण, हा आहे.

म्हणून कानपूरबद्दल बोलायला हवं. युद्ध संपल्यावर तिथल्या चकेरी तळावर लिबरेटर विमानांची रांगच्या रांग उभी होती. ती अमेरिकेने ब्रिटनला उसनवारीच्या करारावर दिलेली. परत नेणं परवडणारं नव्हतं आणि दुसऱ्या कोणाच्या हाती ती वापरण्याजोगी पडूही द्यायची नव्हती, म्हणून ब्रिटिशांनी जाताना त्यांची मुद्दाम मोडतोड केली. भंगार म्हणून पडलेल्या त्या रांगेतून बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी, जे जे उपयोगाचं निघेल ते एकत्र करून, एकेक विमान उडण्याइतकं सावरलं. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेत. पूर्ण दुरुस्ती तिथे व्हायची. म्हणजे कानपूर ते बंगळूर हा पल्ला ‘उडेल बहुधा’ या अवस्थेतल्या चार इंजिनी विमानातून. अशी चाळीसेक विमानं त्यांनी नेली. १९४८च्या नोव्हेंबरात हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. स्वतंत्र भारताचं पहिलं जड बॉम्बर दल ते हेच. पुढे सहावी स्क्वाड्रन १९५१मध्ये पुण्यात याच विमानांवर नव्याने बांधली गेली आणि समुद्रावर टेहळणी करण्याचं काम तिच्याकडे आलं. पन्नाशीच्या दशकात लोहगावच्या आसपास राहिलेल्यांना चार इंजिनांचा तो घरघराट ओळखीचा असणार. अमेरिकेने आणि ब्रिटनने लिबरेटर कधीच मोडीत काढल्यावरही १९६८ संपेपर्यंत आपली उडत होती.

आपल्याकडे ही गोष्ट निघाली की ‘जुगाड’ हा शब्द येतो. मला तो इथे नको आहे. जुगाडात तात्पुरतेपणा आहे, वेळ मारून नेणं आहे. वीस वर्षं समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानाला जुगाड म्हणणं हा त्या मेकॅनिकांचा अपमान आहे. त्यांनीही पुनर्बांधणीच केली होती. फक्त त्यांच्यापुढे ‘मूळ स्थिती’ हा प्रश्न नव्हता. कुठल्या स्क्वाड्रनचं चिन्ह होतं, आतला हिरवा रंग कुठल्या छटेचा होता, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. देशाला बॉम्बर हवं होतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. माझ्या मते लिबरेटरची आजवर झालेली सर्वांत प्रामाणिक पुनर्बांधणी ती. आणि ९७,००० तासांच्या दुसऱ्या पुनर्बांधणीने पहिली पुसली. ज्या कामामुळे हे विमान जगात उरलं, ते काम त्याच्या अंगावर कुठेच दिसत नाही. ते झालं नसतं तर कॉलिंग्ज यांना विकत घ्यायला काही उरलंच नसतं. नाव रंगवायलाही पत्रा उरला नसता.

याच ताफ्यातली इतर विमानं कुठे गेली ते बघणं उद्बोधक आहे. एक १९६८मध्ये कॅनडाला गेलं, लायसँडर जातीच्या एका लहान विमानाच्या बदल्यात. तो लायसँडर पालमच्या संग्रहालयात आला आणि लिबरेटर ओटावात कॅनडाच्या चिन्हांत उभं राहिलं. एक १९६९मध्ये उडत अॅरिझोनाला गेलं. ते टूसानच्या पीमा संग्रहालयात आहे आणि तिथेही नाकावर अमेरिकी नाव आहे. एक १९७४मध्ये भारताने ब्रिटिश हवाई दलाला भेट दिलं, केएन ७५१. ते मात्र ब्रिटिशांनी स्वतःच्याच जुन्या रूपात ठेवलं: ज्या ९९व्या स्क्वाड्रनमध्ये ते खरोखर होतं, तिच्याच चिन्हांत. आणि एक पालमला आहे, भारतीय हवाई दलाच्या चिन्हांत. एकाच कारखानदारीची, एकाच तळावर मोडून पुन्हा उभी केलेली ही विमानं. चार देशांनी त्यांचं चार प्रकारे वाचन केलं, आणि प्रत्येकाने स्वतःला सापडेल त्या पानावर पुस्तक उघडून ठेवलं.

हे फक्त परक्यांचं खूळ आहे असं वाटू नये म्हणून घरचं उदाहरण. राजीव चंद्रशेखर यांनी आयर्लंडमध्ये भंगारात पडलेलं एक डकोटा विमान विकत घेतलं, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला ते उडतं करून घेतलं आणि आपल्या वडिलांच्या, म्हणजे डकोटा उडवलेल्या एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या, स्मरणार्थ हवाई दलाला भेट दिलं. २०१८मध्ये ते भारतात आलं. ‘परशुराम’ हे त्याचं नाव. त्याच्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटचे सैनिक घेऊन श्रीनगरला जे डकोटा उतरलं, त्याचा हा क्रमांक. आकाशात ते पाहताना उर भरून येतो, माझाही येतो. पण ते व्हीपी ९०५ नाही. त्याचं स्वतःचं एक आयुष्य कुठेतरी युरोपात गेलेलं आहे आणि ते आता या क्रमांकाखाली झाकलं गेलं आहे. अमेरिकेने आपलं एचई ७७१ झाकलं याची तक्रार मी करतो, तेव्हा हेही त्याच वहीत लिहायला हवं.

आपल्याला खरं तर हे सगळं कळायला अवघड जाऊ नये. शेंदराचे थर चढत जाऊन मूर्तीचा मूळ आकार हरवणं, मग कधीतरी कवच गळून पडणं किंवा काढलं जाणं, आणि खालून निघालेल्या रूपाकडे पाहून भक्तांचं गोंधळून जाणं, हे महाराष्ट्रात वारंवार घडतं. वणीला सप्तशृंगीचं शेंदराचं कवच २०२२मध्ये काढलं तेव्हा अनेकांना प्रश्न पडला, की ज्या रूपाला आईबापांनी, आजीआजोबांनी हात जोडले ते खोटं होतं का? खोटं कसं असेल. पिढ्यांनी वाहिलेला शेंदूर हाही त्या मूर्तीचा इतिहासच. खालचा दगड जुना आहे म्हणून तो जास्त खरा, हे मानायला मी तयार नाही. पण वरचा थर काढायचा तर तो मोजून, नोंदवून, काही जपून काढावा, एवढी अपेक्षा पुरातत्त्वातल्या माणसांकडून आपण करतो. विमानांच्या बाबतीत ती कोणी करत नाही, कारण मधली वर्षं शेंदूर म्हणून नव्हे, मळ म्हणून पाहिली जातात.

अस्सलतेच्या आग्रहाचं आणखी एक रूप आहे, आणि ते मला अधिक अस्वस्थ करतं. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ स्मिथसोनियन संस्थेने १९८४पासून दुरुस्तीला घेतलं. कर्मचारी आणि स्वयंसेवक मिळून सुमारे तीन लाख तास खर्ची पडले. शक्य तिथे मूळ भागच जपला, धातू घासून आरशासारखा केला, ६ ऑगस्ट १९४५ला ते जसं होतं तसं. या विमानाच्या बाबतीत तारखेचा वाद उद्भवत नाही. जगात त्याची एकच तारीख आहे. पण १९९५मध्ये त्याच्या प्रदर्शनात बॉम्बखाली काय झालं हे दाखवायचं ठरलं तेव्हा इतकं वादळ उठलं की प्रदर्शन गुंडाळावं लागलं आणि संग्रहालयाचे संचालक मार्टिन हार्विट यांना पद सोडावं लागलं. २००३मध्ये वॉशिंग्टनजवळच्या नव्या इमारतीत अख्खं विमान मांडलं, तेव्हा शेजारच्या फलकावर त्याची लांबी होती, वजन होतं, वेग होता. मेलेल्यांचा आकडा नव्हता.

म्हणजे रिव्हेटपर्यंत अस्सल, आणि तरीही मुकं. मी असं म्हणत नाही की स्वयंसेवकांनी ते मुकं केलं. त्यांनी आपलं काम चोख केलं, आणि फलक लिहिणारे वेगळे होते. पण धातूचा तो निर्दोषपणा फलकाच्या गप्प बसण्याला सोयीचा होतो हे नाकारता येत नाही. समोर इतकं तंतोतंत काहीतरी असलं की आपल्याला सगळं सांगितलं गेलं आहे असं वाटतं. वास्तववादी कादंबऱ्यांतही हे होतं. लेखक खोलीतली प्रत्येक वस्तू इतकी नेमकी सांगतो की त्या खोलीत कोण आलं नाही हे विचारायचं आपण विसरतो.

उडतं ठेवण्याचा आग्रहही याच्याशी जोडलेला आहे. ‘विचक्राफ्ट’बरोबर फिरणारं बी-१७ जातीचं ‘नाइन-ओ-नाइन’ हे विमानही दुसऱ्याच विमानाच्या नावाने रंगवलेलं होतं. त्याचं स्वतःचं आयुष्य असं: १९५२मध्ये नेवाडात अणुचाचण्यांच्या वेळी स्फोटांपुढे उभं करून त्याच्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं, किरणोत्सर्ग ओसरेपर्यंत ते तेरा वर्षं तिथेच, मग भंगाराच्या भावात विक्री, मग वीस वर्षं जंगलातले वणवे विझवण्याचं काम. विसाव्या शतकाची अर्धी गोष्ट या एका विमानात होती, आणि ती सगळी एका लढाऊ नावाखाली गेली. २ ऑक्टोबर २०१९ला कनेटिकटमध्ये पैसे भरून आलेल्या प्रवाशांना घेऊन उडाल्यावर काही मिनिटांत ते कोसळलं. सात माणसं गेली, त्यांत दोन्ही वैमानिक. चौकशीत इंजिनांच्या देखभालीतल्या त्रुटी निघाल्या. २०२०च्या मार्चमध्ये प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली गेली. त्या काळाचा अनुभव अस्सल द्यायचा तर उडवायला हवं, उडवायचं तर खर्च भागवायला हवा, खर्च भागवायचा तर माणसं बसवायला हवीत. या साखळीत ‘अस्सल’ हा शब्द किती महाग पडू शकतो, हे त्या दिवशी दिसलं.

यावर एकच उपाय आहे असं मला वाटत नाही, आणि जिथे आहे तिथे तो विमानागणिक बदलेल. नॉर्वेतल्या म्योसा सरोवराच्या तळातून १९९५मध्ये वर काढलेलं हॅलिफॅक्स जातीचं विमान कॅनडात ट्रेंटनला स्वयंसेवकांनी दहा वर्षं खपून उभं केलं. एप्रिल १९४५मध्ये नॉर्वेच्या भूमिगतांना सामान टाकून परतताना ते पाडलं गेलं होतं. सहापैकी पाच जण गेले, शेपटातला एक तोफची वाचला. तिथे दुसऱ्या कुठल्या नावाची गरजच पडली नाही. ते तेच विमान आहे, तीच रात्र आहे. आणि बेल्जियमच्या दलदलीतून निघालेल्या दुसऱ्या एका हॅलिफॅक्सचं तर विमान करण्याचा प्रयत्नच सोडून दिला. त्याचं अॅल्युमिनियम वितळवून लंडनच्या ग्रीन पार्कमधल्या बॉम्बर कमांडच्या स्मारकाचं छत केलं, २०१२मध्ये. त्यालाही मी पुनर्बांधणीच म्हणेन. आकार सोडला आणि धातू ठेवला. आपल्याकडे मोडलेल्या दागिन्याची आजीच्या आठवणीची बांगडी करतात तसं.

लिबरेटरसाठी मात्र माझी एक साधी मागणी आहे. भित्तिचित्रं साफ करणारे एखादा चौकोन न पुसता सोडतात, आधी काय होतं ते कळावं म्हणून. तसा एक पत्रा. कुठेतरी शेपटाजवळ, हवा तर आतल्या बाजूला, जिथे छायाचित्रात येणार नाही. त्यावर एचई ७७१. एवढ्याने अमेरिकी स्मारकाचं काही बिघडत नाही, आणि रांगेतल्या एखाद्या मुलाला विचारायला एक प्रश्न मिळतो. नाहीतर मग चौथा रंग. १९८९, १९९८, २००५ असा तीनदा रंग बदलला आहे, तेव्हा चौथ्यांदाही कधीतरी बदलेल. तो पूर्ण भारतीय का नसावा?

अर्थात असं ठरलंच तर स्वयंसेवकांची बैठक बसेल आणि पहिला प्रश्न पुन्हा तोच निघेल. १९४८मध्ये ही विमानं आपल्याकडे आली तेव्हा हवाई दलाच्या बिल्ल्यात अशोकचक्र होतं. केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळांचा बिल्ला आला तो १९५०पासून. मग एचई ७७१च्या पंखावर चक्र रंगवायचं की तिरंगी वर्तुळं? चक्र रंगवलं तर कानपूर-बंगळूरच्या मेकॅनिकांचं विमान होतं, वर्तुळं रंगवली तर समुद्रावर गस्त घालणाऱ्यांचं. मला विचाराल तर मी चक्राला मत देईन.